सव्विसावं कलम : थकलेली देणी आणि सिक्युरिटी क्लिअरन्स

अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन स्थिरावलेल्या मराठी माणसासमोर कधी ना कधी अशी नोकरी येते, जिच्या जाहिरातीत तळाला एक ओळ असते : सिक्युरिटी क्लिअरन्स मिळवण्यास उमेदवार पात्र असावा. उत्तर व्हर्जिनिया, मेरीलँड, अलाबामातलं हंट्सव्हिल, कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो, कोलोरॅडो स्प्रिंग्ज या भागांत तर संगणक, सायबर सुरक्षा आणि विमानविद्येतल्या कितीतरी चांगल्या जागांना ही अट असते. मग घरात चर्चा सुरू होते ती भारतातल्या नातेवाइकांची. आईवडील पुण्यात, बहीण नाशकात, सातबाऱ्यावर आपलं नाव. याची अडचण येईल का? येऊ शकते, त्यासाठी वेगळा निकष आहे. पण क्लिअरन्स सर्वांत जास्त वेळा ज्या गोष्टीवर अडतो, तिचा विषय घरात निघतच नाही. ती गोष्ट म्हणजे थकलेली देणी.

आधी एक खुलासा. कर्ज असणं हा दोष नव्हे. घराचं, गाडीचं, मुलांच्या कॉलेजचं कर्ज डोक्यावर असलेल्या असंख्य लोकांकडे क्लिअरन्स आहे. हप्ते मिळकतीला झेपत असतील आणि वेळेवर जात असतील, तर त्यावर कोणी बोट ठेवत नाही. प्रश्न येतो थकबाकीचा, आणि त्याहून जास्त, थकल्यावर तुम्ही काय केलंत याचा. माझं म्हणणं या लेखात एवढंच आहे की बहुतेकांचं नुकसान कर्जानं होत नाही, ते लाजेपोटी गप्प बसल्यानं होतं. देणं झाकून ठेवायचं, घरातल्या घरात सोसायचं, चार लोकांत कळू द्यायचं नाही, हे संस्कार आपल्याकडे फार खोल आहेत. इथे तेच अंगाशी येतात.

प्रक्रिया थोडक्यात सांगतो. क्लिअरन्ससाठी स्वतःहून अर्ज करता येत नाही. मान्यताप्राप्त कंपनीनं किंवा सरकारी खात्यानं तुमचं नाव पुढे करावं लागतं. अमेरिकी नागरिक असावं लागतं. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर तो मिळत नाही. पातळ्या तीन : कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट. संरक्षण खात्याच्या कामांसाठीची चौकशी डीसीएसए, म्हणजे डिफेन्स काउंटरइंटेलिजन्स अँड सिक्युरिटी एजन्सी ही संस्था करते. माणूस पात्र की अपात्र हे तेरा निकषांवर ठरतं. त्यांना ए ते एम अशी अक्षरं आहेत. ८ जून २०१७ पासून लागू असलेल्या 'सीड-४' या आदेशात हे निकष सविस्तर दिले आहेत. त्यातला सहावा, 'एफ', पैशाच्या व्यवहारांचा.

कोणी म्हणेल, माझ्या क्रेडिट कार्डाचा आणि देशाच्या गुपितांचा संबंध काय? रोनाल्ड पेल्टन नॅशनल सिक्युरिटी एजन्सीत काम करत होता. १९७९ मध्ये त्यानं दिवाळखोरी जाहीर केली, नोकरी सोडली, आणि जानेवारी १९८० मध्ये वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीशी संपर्क साधून डोक्यात होती ती माहिती विकायला काढली. सुमारे ३५,००० डॉलर मिळाले. सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स घटस्फोट आणि उधळपट्टीमुळे कर्जात होता. १९८५ मध्ये त्यानं सोव्हिएतांकडून पहिले ५०,००० डॉलर घेतले. पुढे त्यानं ५,४०,००० डॉलरचं घर रोखीनं विकत घेतलं, दाराशी जग्वार गाडी उभी केली, तरी पकडला गेला तो थेट १९९४ मध्ये. म्हणून आजच्या निकषात थकबाकीबरोबर उलटी बाजूही आहे : हिशेब लागत नाही अशी अचानक आलेली श्रीमंतीही संशयाचं कारण धरली जाते.

तुम्ही हेर आहात असं कोणी म्हणत नसतं. निकषाचा रोख साध्या गोष्टीवर असतो. अंथरूण पाहून पाय न पसरणारा, दिलेला शब्द न पाळणारा, नियम टाळणारा माणूस गुपितांच्या बाबतीतही तसंच वागेल का, आणि पैशाच्या ताणाखाली तो दबावाला बळी पडेल का, एवढंच तपासलं जातं. त्यात शंका उरली तर फायदा अर्जदाराला मिळत नाही. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं नौदल विरुद्ध ईगन या खटल्यात स्पष्ट केलं की क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करणं सरकारचं काम असतं. इथे थकबाकी दाखवली गेली की ती का झाली आणि आता काय स्थिती आहे, हे पटवून देणं तुमच्याकडे येतं. एवढा फरक मनाशी पक्का ठेवला तर पुढचं सगळं सोपं जातं.

फॉर्मवर नेमकं काय विचारतात

फॉर्मचं नाव एसएफ-८६. छापला तर शंभरावर पानं भरतात. आता तो ऑनलाइनच भरतात. त्यातलं सव्विसावं कलम तुमच्या आर्थिक इतिहासाचं. बहुतेक प्रश्न मागच्या सात वर्षांचे आहेत. दिवाळखोरीचा अर्ज केला होता का? जुगारामुळे पैशाच्या अडचणी आल्या का? केंद्राचं, राज्याचं वा स्थानिक कोणतंही विवरणपत्र भरायचं किंवा कर द्यायचा राहिला का? ऑफिसच्या क्रेडिट कार्डाचा गैरवापर झाला का? पोटगी थकली का? कोर्टाचा निवाडा किंवा मालमत्तेवर बोजा आहे का? सरकारचंच काही देणं थकलं आहे का? गाडी उचलून नेली, घरावर जप्ती आली, कर्ज बुडालं, बिल वसुलीवाल्यांकडे गेलं, कार्ड बंद झालं, भाडं थकल्यामुळे घर सोडावं लागलं, पगारातून परस्पर कापणी झाली, असं काही? कोणतंही देणं १२० दिवसांपेक्षा जास्त थकलं होतं का, आणि आज थकलेलं आहे का?

शेवटचा प्रश्न नीट वाचा. आज सगळं फेडलेलं असलं, तरी चार वर्षांपूर्वी एखादं देणं १२० दिवसांच्या पुढे गेलं असेल तर उत्तर 'हो' आहे. 'आता काही बाकी नाही' म्हणून 'नाही' लिहिणारे इथे फसतात. हॉस्पिटलच्या छोट्या बिलांचंही तसंच. एप्रिल २०२३ पासून तिन्ही मोठ्या क्रेडिट संस्थांनी ५०० डॉलरखालची वैद्यकीय वसुली रिपोर्टवर दाखवणं बंद केलं. रिपोर्टवर दिसत नाही म्हणजे बिल वसुलीवाल्यांकडे गेलंच नव्हतं, असा अर्थ होत नाही. फॉर्म तुम्हाला विचारतो, रिपोर्टला नाही.

याच प्रश्नांसोबत एक सूचना आहे, ती मराठी घरांनी दोनदा वाचावी. ज्या कर्जाचे तुम्ही एकटे कर्जदार आहात ते तर सांगायचंच, पण ज्यात तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार आहात तेही सांगायचं. आपल्याकडे जामीन राहणं हा व्यवहार मानतच नाहीत, ते नातं असतं. चुलतभावाला तालुक्याच्या पतसंस्थेतून कर्ज हवं होतं, दोन जामीनदार लागत होते, सुट्टीवर गेलेलो असताना सही केली, चहा झाला, विषय संपला. पुढे भावाचा धंदा बसला, हप्ते थांबले. संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते, आणि त्यात कर्जदाराबरोबर जामीनदारांची नावं असतात. नोटीस जाते गावच्या पत्त्यावर. घरातले ती कपाटात ठेवतात, 'तिकडे त्याला कशाला त्रास' म्हणून. त्या भल्या हेतूनं तुमच्या नावावर एक थकबाकी वाढत राहते आणि तुम्हाला तिचा पत्ता नसतो.

शिक्षणकर्जाचंही असंच. समजा, सांगलीचा एक मुलगा राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज काढून एमएस करायला इथे आला, वडील सहकर्जदार, घर तारण. पदवीनंतर दीड वर्ष धड नोकरी नव्हती, हप्ते थांबले, ९० दिवस उलटल्यावर बँकेनं खातं अनुत्पादित ठरवलं. नंतर वडिलांनी बँकेशी एकरकमी तडजोड करून खातं बंद केलं. मुलगा आज नागरिक आहे, उत्तम पगारावर आहे. अमेरिकेतल्या एक्विफॅक्स, एक्स्पिरियन किंवा ट्रान्सयुनियनच्या रिपोर्टवर या कर्जाचा मागमूस साधारणपणे दिसणार नाही. भारतातली नोंद भारतातल्या सिबिलकडे. पण कर्ज बुडालं का, हा प्रश्न देशाची सीमा पाहून विचारलेला नाही. सात वर्षांच्या आत ते घडलं असेल तर ते लिहायचं, आणि बँकेच्या शाखेतून नो ड्यूज दाखला मागवून ठेवायचा. पतसंस्था असेल तर बेबाकी दाखला. अशा दाखल्यासाठी वडिलांना शाखेत दोन-चार खेपा घालाव्या लागतील. त्या घालायला सांगा.

सिबिलचा रिपोर्ट परदेशातूनही पॅन क्रमांकावर काढता येतो. तो काढा. आपल्या नावावर कुठे जामीन लागला आहे, जुनं भारतीय क्रेडिट कार्ड वार्षिक शुल्कापायी थकलेलं आहे का, हे त्यात कळतं. छोट्या पतसंस्थांचे व्यवहार तिथे दिसतीलच असं नाही. त्यासाठी घरच्यांनाच विचारावं लागतं.

कर हा सगळ्यांत कडक भाग

कार्डाची थकबाकी आणि कराची थकबाकी यांच्याकडे एकाच नजरेनं पाहत नाहीत. खासगी कंपनीचं देणं राहिलं तर तुमचा आणि तिचा व्यवहार. पण ज्या सरकारची गुपितं सांभाळायची, त्याच सरकारचा कर चुकवला तर उत्तर द्यायला फार कमी जागा उरते. विवरणपत्रच न भरणं त्याहून वाईट. 'मला तर परतावाच मिळणार होता, म्हणून भरलं नाही' हे ऐकायला ठीक वाटतं, निकषात बसत नाही. मुदतवाढ मागणारा ४८६८ क्रमांकाचा फॉर्म विवरणपत्रासाठी वेळ देतो, कर भरण्यासाठी देत नाही, हेही अनेकांच्या लक्षात राहत नाही.

आपल्या लोकांची इथली दुखरी नस वेगळी आहे. एनआरई खात्यातल्या मुदतठेवीचं व्याज भारतात करमुक्त असतं, म्हणून ते अमेरिकेतही दाखवायचं नसतं, असा समज घट्ट बसलेला आहे. तो चूक आहे. अमेरिकी नागरिकाला जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. एनआरओ खातं, गावच्या बँकेतली ठेव, भाड्यानं दिलेला डोंबिवलीचा फ्लॅट, सगळं त्यात येतं. शिवाय परदेशातल्या सर्व खात्यांची एकत्र शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी 'एफबार', म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरावा लागतो. आईबाबांच्या सोयीसाठी त्यांच्या खात्यात दुसरं नाव तुमचं घातलं असेल, तर तेही खातं मोजायचं. पैसा तुमचा नाही, सही तुमची आहे. अजाणतेपणी हे राहून गेलं असेल तर आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याची, स्ट्रीमलाइन्ड फायलिंग नावाची योजना आहे; अनुभवी कर सल्लागाराला धरून ते आधी मार्गी लावा, मग फॉर्मवर सही करा. कर थकला असेल तर आयआरएसशी हप्त्यांचा करार करता येतो. असा करार केलेला आहे आणि हप्ते नियमित जात आहेत, ही गोष्ट निकषातच तुमच्या बाजूची म्हणून लिहिलेली आहे.

बाजू कशानं सावरते

निकष 'एफ' जसा दोष सांगतो तशा सुटकेच्या वाटाही सांगतो. अडचण तुमच्या हाताबाहेरची होती का : नोकरी जाणं, धंद्यातली मंदी, आजारपण, मृत्यू, घटस्फोट, कोणी तुमच्या नावावर केलेली फसवणूक? पण तिथे एक जोड आहे, ती विसरू नका. संकट हाताबाहेरचं असून भागत नाही, त्या काळात तुम्ही जबाबदारीनं वागलात का, हेही पाहतात. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारचं काम ४३ दिवस बंद राहिलं. सरकारी नोकरांना मागचा पगार मिळण्याची कायद्यानं हमी होती. कंत्राटी कंपन्यांतल्या लोकांना तशी हमी नव्हती. अशा वेळी पहिला हप्ता चुकण्याआधीच बँकेला फोन करून सवलत मागणारा आणि चार महिने टपाल न उघडणारा, दोघांचं संकट एकच होतं. फाइलमध्ये मात्र दोघं फार वेगळे दिसतात.

दुसरी वाट प्रामाणिक परतफेडीची. सगळं फेडून झालेलं असलंच पाहिजे असं नाही. झेपेल अशी योजना, आणि ती काही महिने खरोखर पाळल्याचा पुरावा, याला वजन असतं. महिना दीडशे डॉलरचा हप्ता आठ महिने न चुकता गेला असेल, तर 'लवकरच सगळं फेडीन' या लेखी आश्वासनापेक्षा तो कितीतरी मोलाचा. तिसरी वाट सल्ल्याची : ना-नफा तत्त्वावर चालणारी क्रेडिट कौन्सेलिंग संस्था. नॅशनल फाउंडेशन फॉर क्रेडिट कौन्सेलिंग ही १९५१ पासूनची संघटना आहे, तिच्या सदस्य संस्था बहुतेक शहरांत सापडतात. त्या तुमच्याबरोबर बसून महिन्याचं अंदाजपत्रक करतात, सावकारांशी व्याज कमी करण्याबद्दल बोलतात. रेडिओवर जाहिरात करणाऱ्या कर्ज-तडजोड कंपन्यांपासून मात्र जपा. त्यातल्या बऱ्याचशा पहिला सल्ला हाच देतात की कार्डाचे हप्ते भरणं थांबवा, म्हणजे सावकार तडजोडीला येईल. चांगली चाललेली खातीही त्यापायी १२० दिवसांच्या पुढे ढकलली जातात.

देणं तुमचं नाहीच, असं असेल तर वाद घाला, पण लेखी. क्रेडिट संस्थेला पाठवलेलं पत्र, त्यांचं उत्तर, ओळखचोरी असेल तर पोलिसांतली तक्रार. तोंडी 'ते माझं नाही' याला किंमत नाही.

आता ज्या गोष्टींवर लोक विसंबतात आणि ज्या तिथे चालत नाहीत, त्या सांगायला हव्यात. सात वर्षांनी देणं क्रेडिट रिपोर्टवरून गळून पडतं. ते फिटलं असं त्यामुळे होत नाही. मुदतीचा कायदा वेगवेगळ्या राज्यांत वेगळा आहे, लेखी करारावर व्हर्जिनियात पाच वर्षं, मेरीलँडमध्ये तीन. त्यानंतर तुम्ही मुदतीचा मुद्दा मांडलात तर सावकार कोर्टात तुमच्यावर दावा जिंकू शकत नाही, पण क्लिअरन्सच्या निकालांत 'मुदत टळली' ही प्रामाणिक परतफेड मानत नाहीत. 'चार्ज-ऑफ' म्हणजे बँकेनं आपल्या वहीत तोटा लिहिला. तुमच्यावरचं देणं त्यानं माफ होत नाही. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात अमुक कार्ड माजी पतीनं फेडायचं असं लिहिलं असलं, तरी कार्डावर तुमचं नाव आहे तोवर बँकेच्या लेखी तुम्ही देणेकरी आहात. 'पैशाचं सगळं हे बघतात' किंवा 'ही बघते' हे उत्तर तर देऊच नका. दोघांनी बसून वर्षातून एकदा तरी सगळी खाती एका कागदावर मांडावीत, हे मी प्रत्येक जोडप्याला सांगेन, क्लिअरन्स असो वा नसो.

दिवाळखोरीबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात. ती कायदेशीर वाट आहे आणि तिच्यामुळे आपोआप नकार मिळत नाही. ती कशामुळे घ्यावी लागली आणि त्यानंतरचे हिशेब कसे आहेत, यावर सगळं अवलंबून. दिवाळखोरी कायद्याच्या तेराव्या प्रकरणाखाली तीन ते पाच वर्षं हप्त्यांनी फेड करायची असते. ती पार पाडलेली असली तर तिचा उपयोगच होतो.

सही करण्याआधी

ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम या ठिकाणी तिन्ही संस्थांचे रिपोर्ट दर आठवड्याला फुकट मिळतात. तिन्ही काढा, कारण एकात दिसतं ते दुसऱ्यात नसू शकतं. प्रत्येक थकलेल्या नोंदीपुढे सध्या ते देणं कोणाकडे आहे ते लिहा. वसुलीची खाती हात बदलत राहतात आणि एकच देणं दोन नावांनी दिसतं. मग प्रत्येकासाठी एक पाकीट : मूळ बिल, पत्रव्यवहार, करार, पावत्या, बँकेचं विवरण. फार जुन्या देण्यावर एकदम पैसे पाठवू नका. काही राज्यांत थोडी रक्कम भरल्यानं मुदत पुन्हा सुरू होते. आधी वकिलाला किंवा कौन्सेलरला विचारा.

फॉर्ममध्ये प्रत्येक 'हो' पुढे खुलाशाची जागा असते. ती रिकामी सोडू नका आणि रडगाणंही गाऊ नका. तो इंग्रजीत लिहायचा, पण मजकूर साधारण या धाटणीचा असावा : "मार्च २०२३ मध्ये माझी कंपनी बंद पडली. सात महिने नोकरी नव्हती. त्या काळात दोन कार्डांचे हप्ते थकले, एकूण ९,२०० डॉलर. नोकरी लागल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही बँकांशी करार केला. एक खातं ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण फिटलं, दुसऱ्यावर महिना २०० डॉलर जातात, अजून १,४०० बाकी आहेत. पावत्या उपलब्ध आहेत." कारण, तारखा, रकमा, आजची स्थिती. चौकशी अधिकारी पुढे भेटायला येईल तेव्हा तो हेच विचारणार आहे, आणि तुमचं तोंडी उत्तर या मजकुराशी जुळलं पाहिजे.

लपवू नका, हे मी पुन्हा सांगतो, कारण इथे खरोखर आयुष्यं बिघडतात. थकबाकीवर उपाय आहेत. पण रिपोर्टवर जे दिसतं ते फॉर्मवर 'नाही' लिहिलंत, तर निकष 'एफ' बरोबर निकष 'ई', वर्तणुकीचा आणि खरेपणाचा, उभा राहतो. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा केंद्रीय गुन्हा आहे; त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तीन हजार डॉलरच्या लाजेपायी कोणी हा धोका घेऊ नये. लिहायचं खरंच विसरलात तर अधिकाऱ्यानं विचारण्याआधी स्वतः सांगा. आपणहून केलेली दुरुस्ती निकषात तुमच्या बाजूनं धरली जाते.

क्लिअरन्स मिळाल्यावरही हा विषय संपत नाही. पूर्वी टॉप सीक्रेटवाल्यांची पाच वर्षांनी आणि सीक्रेटवाल्यांची दहा वर्षांनी फेरतपासणी होई. आता संरक्षण खात्यात क्लिअरन्स असलेल्या सगळ्यांवर सतत नजर असते. २०२१ पर्यंत सर्वांची नावं त्या व्यवस्थेत घातली गेली. देणं थकल्याची नोंद रिपोर्टवर आली की इशारा जातो. तुम्ही स्वतःही कळवणं बंधनकारक आहे : दिवाळखोरी आणि १२० दिवसांपुढची थकबाकी सीक्रेटवाल्यांनाही, आणि टॉप सीक्रेट असेल तर पगाराची कापणी आणि १०,००० डॉलर किंवा जास्त अचानक आलेला पैसाही. गावचं घर विकून वाटणीचे पैसे आले, आजीच्या मृत्युपत्रातून काही मिळालं, तर कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला सांगायचं आणि खरेदीखताची प्रत हाताशी ठेवायची.

अडलंच तर कंत्राटी कंपनीतल्या माणसाला 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' हे पत्र येतं. त्यात एकेक आरोप क्रमांकानं लिहिलेला असतो. उत्तराला मुदत २० दिवस, आणि उत्तर शपथेवर, प्रत्येक आरोपाला वेगळं : मान्य की अमान्य, आणि का. उत्तरच दिलं नाही तर प्रकरण तिथेच विरुद्ध संपतं. हवं असल्यास डोहा, म्हणजे डिफेन्स ऑफिस ऑफ हिअरिंग्ज अँड अपील्स, यांच्या न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते. वकील सरकार देत नाही. स्वतः बाजू मांडता येते, पण या कामात मुरलेला वकील परवडत असेल तर अवश्य घ्या, आणि पत्र आल्या आठवड्यात घ्या. पत्र आल्यावर घाईनं सगळं फेडून टाकणारे असतात. ते न फेडण्यापेक्षा बरं, पण नोकरी धोक्यात आल्यावर फेडलं, एवढंच न्यायाधीशाला दिसतं, आणि त्याचं वजन कमी धरतात. कागद मात्र एकूण एक न्यायाधीशापुढे ठेवा, कारण पुढे अपील केलं तर १५ दिवसांत नोटीस द्यावी लागते आणि अपील मंडळ नवा पुरावा घेत नाही. पावती घरी राहिली, हे तिथे सांगून उपयोग नाही.

निकाल विरुद्ध गेला तरी निर्णयाच्या तारखेपासून एक वर्षानं, कंपनी नाव पुढे करायला तयार असेल तर, पुन्हा अर्ज करता येतो. त्या वर्षात ठरलेला एकही हप्ता चुकवू नका, विवरणपत्रं मुदतीत भरा, गावाकडे जिथे जिथे जामीन राहिला आहात तिथली बाकी घरच्यांकडून काढून घ्या, आणि प्रत्येक पावती जपून ठेवा.